‘कीचकवध’: रूपक आणि बंदी

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही. तथापि कीचकात कर्झन, सैरंध्रीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ व भीमात जहाल प्रेक्षकांनी अचूक ओळखले. १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन नागपुराऐवजी सुरतेस भरले ते याच दोन पक्षांच्या कलहामुळे. तेव्हा रूपकाची किल्ली नागपूरकरांना शोधावी लागली नसेल. परंतु प्रेक्षकांस जे उमगते ते सरकारासही उमगते. लंडनच्या ‘टाइम्स’नेही हे रूपक उलगडून दाखविले.

सरकारने अडविलेल्या संकेतस्थळाकडे जाताना आजचा टॉर ब्राउझर वाचकाची मागणी तीन टप्प्यांतून फिरवितो. तेथे वाट झाकलेली असते, नाटकात अर्थ झाकलेला होता. दोहोंस नियम एकच: आडवाट रुळली की तेथेही पहारा बसतो. म्हणून केवळ या युक्तीवरून ‘कीचकवधा’ची थोरवी ठरविणे युक्त नव्हे. कर्झन विस्मृतीत गेला तरी अपमानित सैरंध्रीचा, आणि धर्म जाणूनही स्वस्थ बसणाऱ्यांचा प्रश्न उरतोच. नाटकाचे खरे सामर्थ्य त्या प्रश्नात आहे.