संशोधनलेखांतील ‘आम्ही’

अलीकडील मराठी संशोधनलेखांत ‘असें आढळून येतें’, ‘असें वाचलें जातें’, ‘असें म्हणतां येईल’ या धर्तीच्या वाक्यांचा फार सुळसुळाट झाला आहे. ज्या खेड्यांच्या जमिनींवर आज नवी मुंबई उभी आहे, त्यांपैकीं एका गांवच्या मोडी कागदावरील टिपण नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. टिपणकारांनीं कागदाचा काळ ठरविला, वतनदाराचें नांवही दिलें; परंतु कागद कोणीं वाचला, मूळ पाहिलें कीं छायाचित्र, कोणतें अक्षर संशयित वाटलें, यांपैकीं कांहींच सांगितलें नाहीं. विचारतां उत्तर मिळालें कीं, शास्त्रीय लेखांत लेखकानें स्वतःस दिसूं देऊं नये, अशी आतां सर्व देशांची रीत आहे. ही समजूत कितपत खरी, हें पाहणें अवश्य वाटतें.

आमच्या परंपरेची साक्ष याच्या उलट आहे. एकट्या वक्त्यानें स्वतःविषयीं बहुवचन योजावें, यास पाणिनीनें विकल्पानें मुभा दिली आहे. अर्थशास्त्रांत पूर्वाचार्यांचीं मतें सांगून झाल्यावर कौटिल्य स्वतःचें नांव तृतीयपुरुषीं घालून निर्णय देतो. भाष्यकार वाचकाच्या मनांतील शंका पूर्वपक्ष म्हणून आपणच उभी करतो व मग तिचें निरसन करतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून आपण लिहीत आहों, हें सभासद बखरकारानेंही नमूद केलें आहे. बोलणारा कोण व ऐकणारा कोण, हें या प्रत्येक ठिकाणीं उघड आहे.

अर्वाचीन काळांतील दोन उदाहरणें घेऊं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा पहिला खंड काढला. त्याच्या दीर्घ प्रस्तावनेंत ते ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाशीं समोरासमोर झुंजतात. त्यांचा वाचक मराठी होता. त्यास नुसती माहिती द्यावयाची नव्हती, जागें करावयाचें होतें. या आवेशाची बाधाही झाली. १९०९ त त्यांनीं ज्ञानेश्वरी छापली व आपली प्रत एकनाथपूर्व असल्याचें प्रतिपादिलें; परंतु ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांस पडताळणीसाठीं उपलब्ध राहिली नाहीं. आज त्या पाठाचा भार राजवाड्यांच्या शब्दावर आहे. तथापि तो शब्द कोणाचा, हें तरी आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच त्यावर वाद घालतां येतो.

दुसरें उदाहरण डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांचें. बर्लिन येथें ल्यूडर्स यांच्यापाशीं शिकलेल्या या पंडितानें भांडारकर संस्थेच्या महाभारताचें आदिपर्व १९३३ त पूर्ण केलें. प्रस्तावना इंग्रजींत, कारण वाचक जगभरचे. तींत राजवाड्यांचा आवेश नाहीं. पण संपादक लपलेलाही नाहीं. जेथें पाठ निःसंशय नव्हता, तेथें त्यांनीं संहितेंतील अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली. पुण्याच्या वाचकासही आणि जर्मनीच्या वाचकासही ती रेघ सांगते कीं, येथें निर्णय माझा आहे, तुम्ही तो तपासा. वाचक बदलला, भाषा बदलली, आवाज खालीं आला. जबाबदारी मात्र तेवढीच राहिली.

तेव्हां परदेशाचें नांव सांगून आपण जी रीत उचलली, ती तेथील सर्व विद्वानांची आहे असेंही नाहीं. आजच्या इंग्रजी विज्ञानलेखांतसुद्धां ‘आम्हीं मोजलें’ ही रचना सर्रास आढळते. कर्मणि प्रयोगाशीं आमचें वैर नाहीं; कर्ता सांगण्याचें प्रयोजन नसेल तेथें तो शोभतो. पण मोडीची गोष्ट निराळी. या लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, शब्दही तोडून लिहीत नाहींत. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील निवड कागद करीत नाहीं, वाचणारा करतो. ‘असें वाचलें जातें’ म्हटल्यानें ती निवड नाहींशी होत नाहीं. फक्त तिचा धनी नाहींसा होतो. पुढें मूळ कागदास वाळवी लागली कीं चुकीचा पाठ निर्विवाद प्रमाण होऊन बसतो.

येथें आम्हांसही दोष घेतला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील ‘मी’ आम्हीं अनेक वर्षें तांबड्या शाईनें खोडला. त्यांत अहंकाराचा ‘मी’ कोणता व साक्षीचा ‘मी’ कोणता, हा विवेक आम्हीं केला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं पोथ्या व दप्तरें आहेत, त्यांस आमची विनंती एवढीच कीं, कागद प्रसिद्ध करतांना तो कोणाकडे आहे, कोणीं वाचला, मूळ पाहिलें कीं नक्कल, आणि शंका कोठें राहिली, हीं चार वाक्यें प्रथमपुरुषीं लिहावीं. ‘मी’ लिहावें कीं ‘आम्ही’, हें ज्याच्या त्याच्या रुचीवर सोपवावें. साक्षीदार निनांवी असूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.