भीमाची दोन बोटं

अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेवरचे जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात भयानक रसाची चर्चा फार आढळली. अंधारी रात्र, कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली भीमाची बोटं. पांढरपेशा रसिकाच्या अंगावर काटा आला, की समीक्षकाचे काम संपते. भीमा स्मशानात का गेला, हा प्रश्न मात्र ओझरता येतो आणि तसाच जातो.

तो गेला, कारण खाण बंद पडली. वारणाकाठचा हा धिप्पाड गडी कामासाठी मुंबईला येतो, उपनगरातल्या दगडाच्या खाणीत राबतो आणि एके दिवशी काम थांबते. अण्णा भाऊ त्यावर अश्रू ढाळत नाहीत. माझ्या मते कथेचा सारा भार याच जागेवर आहे. ताकद तीच, हातही तेच. फक्त उद्याचा भरवसा गेला. पुढचे सारे त्यातून येते. रात्रीची जागरणे, चोरटेपणा, बायकोशी खटके. शेवटी डॉक्टर दोन बोटं कापतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा भीमा लहान मुलासारखा रडतो.

नशिराबादला आमच्या मुलांपुढे मी ही कथा वाचली, तेव्हा एकाने विचारले, "सर, बोटं गेल्यावर त्याला खाणीवर घेतलं असतं का?"

हा प्रश्न मला कोणत्याही समीक्षाग्रंथात भेटला नव्हता. विचारणाऱ्याचा बाप जिनिंगवर हंगामी कामाला जातो. कापसाची धूळ छातीत, कापूस संपला की काम संपले. मग कधी दालमिलची पोती, कधी केळीच्या गाड्या भरणे. खोकला लपवून मुकादमासमोर उभे राहायचे, ही त्या घराची रीत. दवाखान्यात गेला तर खाडा, खाडा पडला तर उद्या दुसरा माणूस. आजार अंगात असतो, भीती मात्र साऱ्या घरात असते. पोरांचीही झोप जाते. विम्याचा कागद हजेरीपटावरच्या नावामागून येतो, आणि नाव तर तिथे नसतेच.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात कापडाची गिरणी बंद पडल्यावर तिथल्या माणसांचा अभ्यास झाला. तो 1933 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी रस्त्यावरची चालसुद्धा मोजली. बेकार पुरुष संथ चालू लागले होते. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके कमी झाली होती. आपल्याकडचा दाखला याहून भयंकर आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची 2019 साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीत खाडा पडला की दंड, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. इथेही काम टिकावे म्हणून देहाचा तुकडा दिला गेला. भीमाची गोष्ट अतिरंजित म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

आता आपल्याच लोकांशी थोडे भांडण. "बलुत्यात निदान भाकरी ठेपून होती," असे आपले काही वडीलधारे हळहळून म्हणतात. मला हे मान्य नाही. ती भाकरी हक्काची नव्हती. चोवीस तासांच्या ताबेदारीला बांधलेली होती. 1928 पासून बाबासाहेब महार वतनाविरुद्ध झगडले ते उगाच नव्हे. पण रोजंदारी म्हणजेच मुक्ती, असेही ते मानत नव्हते. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या मनमाडला, फेब्रुवारी 1938 मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्याला जन्मभर गँगमनच ठेवतात, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, हेही त्यांनी दाखवले. कोणते काम मिळणार हे जात ठरवते. ते किती दिवस टिकणार हे मालक ठरवतो. आपल्या समीक्षेने अपमान नीट वाचला. ही दुसरी गोष्ट मात्र तिने मार्क्सवाद्यांवर सोपवून दिली.

अण्णा भाऊंकडेही एक उणीव आहे. भीमाची बायको कथेत घाबरते, मना करते, आणि एवढ्यावरच राहते. नवऱ्याची बोटं गेल्यानंतर त्या घराची चूल कुणाच्या हातावर पेटली, हे कथेत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी तेच विचारले. त्यांच्यापैकी दोघींच्या आया पहाटेच केळीच्या मळ्यात गेलेल्या होत्या.