हेपारिन आणि रोहिणीभित्तीतील स्नायुपेशी

रोहिणीचा अंतःस्तर नष्ट केलेल्या उंदरांना हेपारिन दिल्यास तेथील अरेखित स्नायुपेशींची वाढ रोखली जाते, असे क्लोज व कार्नोव्स्की यांनी १९७७ साली दाखविले. रक्तगोठण रोखण्याचा गुण नसलेला हेपारिनचा अंशही हेच कार्य करतो, हे १९८० मध्ये दिसून आले. या संशोधनाचे खरे मोल येथे आहे. त्यावरून काढलेले वैद्यकीय अनुमान मात्र उतावीळ होय. फुग्याने रुंदावलेली हृद्‌रोहिणी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून दिलेले हेपारिन १९८९ व १९९४ च्या चाचण्यांत निष्फळ ठरले. उंदराची रोहिणी मुळात निरोगी होती. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात अशा उपचारासाठी येणाऱ्याची रोहिणी मेदाने आधीच ग्रासलेली असते, आणि ती केवळ पेशीवृद्धीने नव्हे, भित्तीच्या आकुंचनानेही अरुंद होते.