बिघाडाचे सौंदर्य : ग्लिच संगीतातील तीन अल्बमांचा आस्वाद

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पाश्चात्त्य इलेक्ट्रॉनिक संगीतातील एक प्रवाह ‘ग्लिच’ या नावाने ओळखला जाऊ लागला. यंत्रातील क्षणिक बिघाड असा या शब्दाचा अर्थ आहे. सीडी अडकल्याची टकटक, ध्वनिमुद्रणातील खरखर, संगणकीय प्रक्रियेतील विकृती हे सारे एरवी दोष म्हणून टाळले जाते. या प्रवाहाने त्यालाच रचनेचे द्रव्य मानले. किम कॅस्कोन या अमेरिकन संगीतकाराने २००० साली ‘कम्प्युटर म्युझिक जर्नल’मधील निबंधात या वृत्तीला ‘अपयशाचे सौंदर्यशास्त्र’ असे संबोधले. हे नाव आकर्षक असले, तरी त्यातून एक प्रश्न उद्भवतो. निवडून, कापून, जागेवर बसवलेला बिघाड हा बिघाड उरतो काय? प्रस्तुत लेखात तीन अल्बमांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ओव्हाल : नियमित झालेली चूक

मार्कुस पॉप हे ज्याचे प्रमुख सदस्य होते, त्या ‘ओव्हाल’ या जर्मन गटाचा ‘९४डिस्कॉन्ट’ हा अल्बम १९९५ साली प्रसिद्ध झाला. सीडीवर प्रत्येक सेकंदासाठी ध्वनीचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. लहानसहान ओरखड्यांमुळे होणारी चूक यंत्र स्वतःच दुरुस्त करते. ओरखडा मोठा असेल तर मात्र दुरुस्ती अपुरी पडते आणि ध्वनी अडखळतो. ओव्हालने सीडी मुद्दाम सदोष केल्या आणि त्यातून निघालेले तुकडे टिपून रचना बांधल्या. सुमारे २४ मिनिटांची ‘डू व्हाइल’ ही त्यांपैकी सर्वांत दीर्घ रचना होय. संगणकाच्या भाषेत हे शब्द एखादी अट पूर्ण होत असेतोवर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करण्याची आज्ञा देतात.

ही रचना ऐकताना पहिल्या काही मिनिटांत सीडी अडकल्याचा भास होतो. लवकरच त्या टकटकीचे ठेक्यात रूपांतर होते आणि घंटानादासारख्या मंद स्वरांच्या लाटा तिच्यावर तरंगू लागतात. रचना रमणीय आहे यात संशय नाही. तथापि येथे काय मोडले, हे श्रोत्याला कधीच कळत नाही, कारण मूळ अखंड ध्वनी त्याने ऐकलेलाच नसतो. त्यामुळे चूक ही चूक न राहता एक वाद्य बनते.

फेनेस : आवरणाखालची चाल

ऑस्ट्रियन गिटारवादक ख्रिस्तियान फेनेस यांचा ‘एन्डलेस समर’ हा अल्बम २००१ साली व्हिएन्ना येथील ‘मेगो’ या संस्थेने प्रकाशित केला. ‘बीच बॉइज’ या अमेरिकन गटाच्या १९७४ मधील गीतसंग्रहाचे नावही हेच होते. नावातील हे साम्य सूचक आहे. येथे गिटारचे साधे, ओळखीचे वाटणारे स्वरमेळ संगणकीय खरखरीच्या जाड आवरणाखाली दबलेले आहेत. चाल पुरती लपतही नाही आणि पुरती उघडही होत नाही. श्रोता तिचा हरवलेला भाग मनाने भरून काढू लागतो. ओव्हालच्या रचनेत नसलेली ओढ येथे जाणवते, ती याच कारणाने. मात्र काही ठिकाणी खरखर केवळ हळवेपणावरचा मुलामा वाटते. ती बाजूला केल्यास उरणारी चाल फारशी समर्थ नाही, ही या अल्बमची मर्यादा म्हणावी लागेल.

बॅसिन्स्की : प्रत्यक्ष क्षय

विल्यम बॅसिन्स्की यांचा ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ हा २००२-०३ मध्ये चार भागांत प्रसिद्ध झालेला संग्रह काटेकोर अर्थाने ग्लिच संगीतात मोडत नाही. त्याचे मूळ संगणकात नसून चुंबकीय फितीत आहे. तथापि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या जुन्या फितींचे डिजिटल जतन करत असताना, फिरत्या फितीवरील लोहकणांचा थर गळून पडत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी फीत थांबवली नाही. पहिल्या, तासाभराहून दीर्घ रचनेत काही सेकंदांचा एकच स्वरखंड फिरत राहतो. आरंभी तो जवळजवळ अखंड असतो. पुढे त्यात खिंडारे पडतात आणि अखेरीस शांततेत काही तुटक ठोके तेवढे उरतात.

हा संग्रह ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातील मृतांना अर्पण केलेला आहे. त्यामुळे त्याचा प्रभाव संगीताहून त्या घटनेचाच अधिक, असा आक्षेप घेता येतो. तो अंशतः खरा आहे. परंतु त्या घटनेची माहिती नसलेल्या श्रोत्यालाही येथील क्षय जाणवतो, कारण जे नष्ट होणार आहे ते रचनेने त्याला आधी पूर्ण ऐकवलेले असते.

समारोप

हिंदुस्थानी संगीतात विवादी स्वराचा अल्प व कुशल प्रयोग रंजक मानला जातो. मात्र त्यासाठी रागाचे चलन श्रोत्याच्या मनावर आधीच ठसलेले असावे लागते. बिघाडाचेही तसेच आहे. त्याचे सामर्थ्य बिघाडात नसून, जे अखंड होते त्याच्या स्मरणात असते. ओव्हालने हे स्मरण श्रोत्याच्या रोजच्या अनुभवावर सोडले होते. अडकणारी सीडी कधीच न ऐकलेल्या आजच्या विद्यार्थ्याला ‘डू व्हाइल’ केवळ एक सुंदर रचना वाटेल. त्यामुळे तिचे मोल घटत नाही, परंतु ‘अपयशाचे सौंदर्यशास्त्र’ ही उपपत्ती तिला यापुढे लागू पडणार नाही. बॅसिन्स्की यांची रचना हे स्मरण स्वतःच्याच अंगाने घडवते. म्हणून बिघाड हेच ज्यांचे द्रव्य आहे, अशा कलाकृतींचे मूल्यमापन करताना किती मोडले यापेक्षा मोडण्यापूर्वी काय उभे केले, हा निकष अधिक विश्वसनीय ठरतो.