बहिःशाल : आत कोण, बाहेर कोण?



आयोजकांनी मला विषय दिला, 'विद्यापीठांचं सामाजिक योगदान'. तो मी जरा आवरता घेतो. विद्यापीठं आणि महाविद्यालयं आसपासच्या शाळांसाठी, तिथल्या मुलांसाठी, त्यांच्या आईवडलांसाठी जे उपक्रम करतात, ते चांगले की वाईट हे कसं ठरवायचं, एवढंच आज बोलेन. बोलणं टीकेचं आहे. पण पहिला आरोपी मीच आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणाला राग यायला नको.

एका शब्दापासून सुरुवात करू. आपल्याकडे विद्यापीठांत 'बहिःशाल शिक्षण मंडळ' असतं. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेरचं. इथे 'शाळा' म्हणजे विद्यापीठ बरं का. विद्यापीठ आत, बाकीचा समाज बाहेर. गंमत बघा, ज्या गावात खरोखरची शाळा भरते, ते गावसुद्धा या शब्दात शाळेबाहेर जातं! शब्द चांगल्या हेतूनं घडवलेला आहे. या मंडळांच्या व्याख्यानमालांसाठी मी स्वतः एसटीनं पुष्कळ गावं हिंडलो, आणि लोकांनी प्रेमानं ऐकून घेतलं. पण ज्ञान आत असतं आणि ते बाहेर नेऊन वाटायचं असतं, ही कल्पना त्या शब्दात मुरलेली आहे. तिनं काय होतं, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा. आम्ही दत्तक गावात शिबिर घेतलं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदानातून शोषखड्डे, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावातल्या मुलांचे वर्ग, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. समारोपाला मी ज्ञानगंगा दारोदारी वगैरे बोललो. पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापक चहाचा कप पुढे करत म्हणाले, "सर, एक सांगू का? राग मानू नका. सात दिवस शाळा भरली नाही."

कशी भरणार? शाळेला खोल्या तीन. एकीत आमचे मुलगे, एकीत मुली, तिसरीत कोठीघर. शाळेला मदत करायला गेलो आणि शाळाच बंद पाडली. आणि हे मला दिसलंसुद्धा नव्हतं. मी त्यांना विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "वरून पत्र आलं होतं." अहवालात मी लिहिलं, 'शाळेचे उत्तम सहकार्य लाभले.' वाक्य खोटं नव्हतं. पण मदत कुणी कुणाला केली, हे त्यातून कळत नव्हतं.

ही एका माणसाची चूक असती, तर तुमचा वेळ घेतला नसता. तिच्यामागे एक जुनी समजूत आहे. ज्ञान वरच्या थरात ओता, ते आपोआप खाली झिरपेल. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात याच समजुतीवर बोट ठेवलं. उच्चशिक्षणावर खर्च करून खालच्यांपर्यंत काही पोचत नाही, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. पुढे धोरणांची भाषा बदलली. झिरपणं मात्र आपल्या शिबिरांत टिकून राहिलं. पूर्वी ज्ञान आपोआप झिरपायचं, आता आम्ही ते जीपमधून नेतो. (हशा)

आता कुणी म्हणेल, सर, शिबिरानं आमचे विद्यार्थी तरी घडतात ना? घडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मग प्रामाणिकपणे असं म्हणा की गाव आमच्या विद्यार्थ्यांना शिकवतं. त्याला सेवा म्हणू नका. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. आम्ही वर्गात त्यावर दहा मार्कांचा प्रश्न काढतो आणि दुपारी एका शाळेला साधन करतो.

भर आता फोटोंवर आहे. नॅकच्या मूल्यांकनात 'विस्तार' हा निकष आला, ते योग्यच झालं. पण किती उपक्रम, किती सहभागी, फोटो आणि अहवाल कुठे, हे मोजणं सोपं असतं. मूल वाचायला लागलं का, हे मोजायला दोन वर्षं लागतात. जे सोपं, तेच मोजलं जातं. इकडे 'असर'च्या पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीतली मुलं ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, ती २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर आली. मध्ये कोविड होता, हे खरं. पण त्या वर्षांतही आमचे विस्ताराचे अहवाल भरगच्चच होते.

वेगळं करता येतं का? येतं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या त्यामागच्या संस्था. टीआयएफआरचे शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यात उतरले. एकदा भाषण देऊन ते परतले नाहीत. शिक्षकांबरोबर बसून त्यांनी प्रयोग करून पाहिले, फसले की पुन्हा रचले. मुलांचे प्रश्न यावेत म्हणून 'सवालीराम' नावाचं एक पात्र निर्माण झालं. मुलं त्याला पत्रं लिहायची आणि मोठी माणसं उत्तरं शोधायची. प्रश्न खालून वर जात होता! २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला, त्याचं दुःख आहेच. तरी तीस वर्षं चाललेलं काम आणि सात दिवसांचं शिबिर यांना आपण एकाच नावानं 'विस्तार' म्हणतो, हे मला पटत नाही.

सेवा योजनेचं ब्रीद आहे, 'नॉट मी, बट यू'. मी नाही, तू. नम्र वाटतं. पण त्यातही 'मी' आणि 'तू' समोरासमोरच राहतात, एक देणारा, एक घेणारा. इंग्रजीला जे एका 'वी'मध्ये कोंबावं लागतं, त्यासाठी मराठीनं दोन शब्द ठेवलेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. उपक्रमाची माझी कसोटी एवढीच. कागदावर शाळेबद्दल लिहिताना 'आपण' लिहिता येईल का? आणि शाळेला 'नको' म्हणता येईल का? ज्याला नको म्हणता येत नाही, तो 'आपण'मध्ये नसतोच.

त्या मुख्याध्यापकांना मी नंतर विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, "दर शनिवारी दोन पोरं पाठवा. पण तीच पाठवा." दोन वर्षं पाठवली. अधूनमधून मीही जायचो. एका शनिवारी चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "'ज्ञ'मध्ये ज आहे म्हणता, मग द कसा ऐकू येतो?" माझी पीएच.डी. ज्ञानमीमांसेतली. 'ज्ञान' शब्दाचं पहिलंच अक्षर मला सांगता येईना! भाषाविज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारलं. ज आणि ञ यांचं ते जोडाक्षर, हिंदीत त्याचा 'ग्य' झाला, मराठीत 'द्न्य'. पुढच्या शनिवारी तिला सांगितलं. त्या दिवशी बहिःशाल कोण होतं, तुम्हीच ठरवा.

मग माझी बदली झाली आणि शनिवार थांबले. हाही दोष माझाच. काम माझ्या नावावर चाललं होतं, संस्थेच्या वेळापत्रकात मी ते बसवलं नव्हतं. तुमच्यापैकी जे आज महाविद्यालयांत आहेत, त्यांना एवढंच सांगणं, पुढच्या शिबिराचं पत्र पाठवण्याआधी शाळेत जाऊन या. खोल्या किती आहेत, ते मोजा. आणि मुख्याध्यापकांना विचारा.