खटला जिंकला, पण प्रश्न उरला

मंडळी, आपल्या बाजूने लागलेल्या निकालातला युक्तिवादसुद्धा तपासून घ्यावा लागतो. १९८१ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने कायदा केला, की शाळेत उत्क्रांती शिकवाल तर 'निर्मितिविज्ञान'ही शिकवा, दोघांना समतोल वागणूक द्या. या 'विज्ञाना'त काय येतं तेही कायद्यातच लिहिलेलं होतं. पृथ्वी अलीकडची आहे, जगभर महापूर आला होता, वगैरे. जानेवारी १९८२ मध्ये न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी हा कायदा रद्द केला. योग्यच केलं.

पण कारणं काय दिली? तत्त्वज्ञ मायकेल रूस यांनी साक्ष दिली होती. निकालात विज्ञानाची पाच लक्षणं आली : ते निसर्गनियमांना धरून चालतं, त्यांच्याच आधारे स्पष्टीकरण देतं, अनुभवाशी ताडून पाहता येतं, त्याचे निष्कर्ष तात्पुरते असतात आणि ते खोटं ठरवता येतं. निर्मितिविज्ञानात ही लक्षणं नाहीत, म्हणून ते विज्ञान नव्हे.

यावर लॅरी लाउडन या तत्त्वज्ञाने आक्षेप घेतला. निर्मितिवाद्यांचा पाठीराखा नव्हे हं! तो म्हणतो, पृथ्वी काही हजार वर्षांची आहे हे विधान तपासता येतं की! तपासलं गेलं, आणि चूक निघालं. मग 'तपासताच येत नाही' कशाला म्हणता?

आता न्यायालयाची अडचण समजून घ्या. अमेरिकेची राज्यघटना सरकारी शाळेत धर्म शिकवू देत नाही, पण चुकीचं विज्ञान शिकवायला तिची मनाई नाही. त्यामुळे 'हा विज्ञानाच्या वेषातला धर्म आहे' हे दाखवणं भाग होतं. कायद्याचा हेतू धार्मिक होता, आणि माझ्या मते निकालाला तेवढा आधार पुरेसा होता.

शिक्षकाला मात्र ही पळवाट नाही. पोराने विचारलं, 'सर, पृथ्वी दहा हजार वर्षांची का नाही?' तर 'हा विज्ञानाचा प्रश्नच नव्हे' हे काही उत्तर झालं नाही. युरेनियमचं शिसं ठराविक गतीने होतं. त्यावरून ऑस्ट्रेलियातल्या झिरकॉन स्फटिकांचं वय ४०० कोटी वर्षांहून जास्त निघतं. हे मांडून दाखवा. याचा अर्थ निर्मितिवादाला तासिका द्या असा नव्हे. चुकलेल्या उत्तराला बरोबरीचा मान मिळत नाही. पण ते चूक कसं ठरलं, हे मुलांना कळलंच पाहिजे. नाहीतर ती डार्विनवरही निव्वळ विश्वासच ठेवतील.