स्मृति कीं प्रतिभा?

गेल्या वर्षीं आम्हीं आमच्या महाविद्यालयांतील दोन वर्गांपुढें एक लहानसा प्रयोग करून पाहिला. लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वेस्थानकाचें शाईनें काढलेलें एक रेखाचित्र पहिल्या वर्गास दाखविलें व चित्रकाराविषयीं कांहींच सांगितलें नाहीं. विद्यार्थी बोलूं लागले ते रेषेविषयीं: ती कोठें धांवते, कोठें दाटते, मनोऱ्यांची चढण डोळ्यांस कशी वर ओढून नेते, इत्यादि. दुसऱ्या वर्गास तेंच चित्र दाखवितांना आधीं एवढेंच सांगितलें कीं, हें एका स्वमग्न मुलाच्या हातचें आहे. मग रेषेचें नांव कोणीं काढलें नाहीं. खिडक्यांची संख्या बरोबर आहे काय, वेळ किती लागला, मुलास बोलतां येत होतें काय, हेच प्रश्न तासभर चालले. आम्ही त्या विद्यार्थ्यांस हंसणार होतों. परंतु या चित्रकाराचें नांव प्रथम ऐकलें तेव्हां आमच्याही मनांत नेमके हेच प्रश्न उठले होते, हें स्मरून गप्प बसलों.

हा चित्रकार म्हणजे स्टीफन विल्टशायर. त्याचा जन्म १९७४ सालीं लंडन येथें एका वेस्ट इंडियन कुटुंबांत झाला. तीन वर्षांचा असतां त्याच्या स्वमग्नतेचें निदान झालें. त्याच सुमारास वडील अपघातांत निवर्तले. पांचव्या वर्षीं तो क्वीन्समिल नांवाच्या शाळेंत दाखल झाला तेव्हां त्यास वाचा नव्हती. होतें तें चित्र काढण्याचें वेड. शिक्षकांनीं एक युक्ति योजिली. चित्रकलेचें साहित्य त्यांनीं कांहीं काळ दूर ठेवलें, म्हणजे मुलास तें मागावें लागेल. तेव्हां त्याच्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो 'कागद' हा होता. १९८७ मध्यें बी.बी.सी.च्या एका चित्रपटामुळें तो घरोघरीं माहीत झाला. प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ सर ह्यू कॅसन यांनीं, ब्रिटनमधील बालचित्रकारांत हा कदाचित् सर्वश्रेष्ठ असावा, असा अभिप्राय दिला.

येथवर आम्हीं एकेरी संबोधन वापरलें. यापुढें तें योग्य नव्हे. विल्टशायर यांनीं आतां पन्नाशी ओलांडली आहे. २००६ सालीं कलासेवेबद्दल त्यांस सरकारी बहुमान मिळाला, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें त्यांची स्वतःची चित्रशाळा उघडली. तरीही लोकांच्या मनांत ते अजून 'तो अद्भुत मुलगा'च आहेत. चमत्काराचें वय वाढत नाहीं, हेंच खरें.

वृत्तपत्रांनीं त्यांस 'मानवी कॅमेरा' ही पदवी दिली आहे. तिला आधार नाहीं असें नव्हे. २००५ सालीं टोकिओ शहरावरून हेलिकॉप्टरांतून एक फेरी मारून आल्यावर त्यांनीं त्या अफाट नगरीचें सुमारें दहा मीटर लांबीचें चित्र केवळ स्मरणानें काढलें. २००९ सालीं वीस मिनिटांच्या उड्डाणानंतर न्यूयॉर्कचेंही तसेंच विस्तीर्ण चित्र सिद्ध केलें. तथापि ही पदवी आम्हांस गौरवाची वाटत नाहीं. कॅमेरा निवड करीत नाहीं. समोर येईल तें सर्व तो सारख्याच उदासीनतेनें टिपतो. मज्जातंतुरोगांचे विख्यात वैद्य ऑलिव्हर सॅक्स यांनीं स्टीफनबरोबर प्रवास केला होता, आणि १९९५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्याच्यावर एक दीर्घ प्रकरण लिहिलें. त्यांचें निरीक्षण असें कीं, या चित्रांत मूळ दृश्यांत नसलेलें कांहीं येतें, असलेलें कांहीं गळतें, आणि सर्वांवर काढणाऱ्याच्या हाताची निःसंशय खूण उमटते. वृत्तपत्रांचा वाचक या फरकांस चूक म्हणेल. रसिक तेथूनच चित्र पाहावयास आरंभ करील.

मम्मटानें काव्याचे हेतु सांगतांना शक्ति, निपुणता व अभ्यास हे तीन एकत्र सांगितले आहेत. चित्रकलेसही तें लागू करण्यास हरकत नसावी. शक्ति विल्टशायर यांस जन्मतःच लाभली, अभ्यास त्यांनीं बालपणापासून अखंड चालविला, आणि पुढें लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स आर्ट स्कूलमध्यें रीतसर शिक्षणही घेतलें. केवळ स्मृतीवर काम भागलें असतें, तर या शिक्षणाची त्यांस गरज कां वाटावी? स्मृति हें कोठार आहे. कोठार भरलेलें असलें म्हणून स्वयंपाक आपोआप होत नाहीं.

आतां गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. कारण दयेपोटीं दोष झांकणें हाही एक प्रकारचा अपमानच आहे. ज्या विराट नगरचित्रांनीं विल्टशायर यांस जगभर कीर्ति दिली, तीं आमच्या मतें त्यांचें सर्वोत्तम काम नव्हे. त्यांत प्रत्येक छपरास सारखाच मान, प्रत्येक खिडकीस सारखेंच लक्ष. डोळ्यास विसांवा कोठेंच मिळत नाहीं, आणि पाहणारा थकून शेवटीं मोजूं लागतो. उलट, एकेका इमारतीचीं जीं चित्रें त्यांनीं लहान वयांत काढलीं, त्यांत इमारतीस जणूं स्वभाव आहे. कोठें ती ऐटींत उभी आहे, कोठें भाराखालीं किंचित् वांकली आहे. रेषा एकदां ओढली कीं ओढली. तिला खोडणें ठाऊक नाहीं. हा निर्भय वेग आम्हांस त्या दहा मीटरांपेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

या विषयास दुसरी एक करुण बाजू आहे. १९६७ सालीं नॉटिंगहॅम येथें एका युक्रेनियन कुटुंबांत नादिया ही स्वमग्न मुलगी जन्मली. साडेतीन वर्षांची असतां ती बॉलपेननें घोडे काढूं लागली. त्या वयाचें मूल घोडा काढतें म्हणजे एक आडवें पोट आणि खालीं चार काठ्या, अर्थात् घोड्याविषयीं त्यास जेवढें ठाऊक तेवढें. नादिया डोळ्यांस दिसावें तसें काढी: अंगावर चालून येणारा घोडा, वळलेली मान, एकमेकांआड गेलेले पाय. पुस्तकांतील चित्र एकदां पाहून पुढें केव्हांतरी ती तें दिशा पालटून कागदावर उतरवी. लॉर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९७७ मध्यें तिच्यावर ग्रंथ लिहिला. परंतु नादिया हळूहळू चार शब्द बोलूं लागली, आणि तिची ती अलौकिक रेषा मावळत गेली. २०१५ सालीं ती वारली.

यावरून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, भाषा आली म्हणून चित्र गेलें. आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्याच काळांत त्या मुलीची आई मरण पावली होती, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय विल्टशायर यांचा दाखला अगदीं उलट आहे. त्यांस वाचा आली, शिक्षण मिळालें, तरी रेषा गेली नाहीं. किंबहुना 'कागद' हा पहिला शब्द त्यांनीं चित्रासाठींच उच्चारला. पण क्षणभर तो निष्कर्ष खरा धरूं. मग नादियाबद्दल जी हळहळ व्यक्त झाली, तिचा अर्थ काय होतो? त्या मुलीनें आपल्या माणसांस हांक मारतां येऊं नये, पण आम्हां रसिकांस घोडे पाहावयास मिळावेत! कलेवरील प्रेमाच्या नांवाखालीं इतका स्वार्थ आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

हा लेख मनांत घोळत असतां आमचे एक जुने स्नेही भेटले. त्यांचा नातू स्वमग्न आहे. "अजून त्याला कशांतच विशेष गति दिसत नाहीं हो," असें ते खालच्या आवाजांत म्हणाले, जणूं कांहीं त्या मुलाकडे कोणाचें देणेंच राहिलें होतें. वस्तुतः अशी विलक्षण शक्ति स्वमग्न मुलांपैकीं थोड्यांतच आढळते. चमत्कारांच्या कथा वाचून वाचून आपण बाकीच्यांवर हें कर्ज लादलें आहे. आम्हीं विचारलें, "त्याला आवडतें काय?" "पाऊस लागला कीं पन्हळीखालीं हात धरून उभा राहतो. तासन्‌ तास." सांगतांना त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. यापुढें आम्हांस कांहीं विचारावेंसें वाटलें नाहीं.

पुढील वर्षीं सेंट पँक्रसचें तें चित्र आम्ही पुन्हां वर्गांत नेणार आहों. या वेळीं चित्रकाराचें नांव, गांव व चित्राचें साल सांगूं. बाकीचें कोणीं विचारलेंच, तर तास संपल्यावर.